वसुलीसाठी झांजिबारला

झांजिबारला लोक मधुचंद्राला जातात, निळ्या पाण्यात डुंबायला जातात, लवंगांच्या बागा बघायला जातात. मी वसुलीला गेलो होतो. परत आल्यावर नारायण पेठेत ज्याने त्याने मला "काय काय पाहिलंत?" असं विचारलं आणि मी प्रत्येकाला "एका बाईंचं अंगण" असं सांगितलं. उत्तर खरं होतं, पण पुण्यात खरं उत्तर दिलं की माणूस तिरकस बोलतोय असं समजतात. म्हणून आता सविस्तर लिहितो.

माझं नाव दातार. आडनावाचा अर्थ देणारा असा असला तरी माझा सगळा जन्म घेण्यात गेला आहे. आम्ही उसाच्या रसाची मशीनं बनवतो. कारखाना धायरीत, बाळासाहेब पोकळ्यांच्या जागेत. धायरी महापालिकेत येऊन बराच काळ लोटला, पण पोकळे अजूनही लक्ष्मी रस्त्यावर यायचं असलं की "पुन्याला जाऊन येतो" असंच म्हणतात. जागा आणि निम्मं भांडवल त्यांचं, मशीनमागचं डोकं माझं, आणि भांडणं दोघांची.

झांजिबारमध्ये जुमा नावाचे एक गृहस्थ आमचे गिऱ्हाईक होते. आमच्याकडून सुट्या भागांत मशीनं मागवायची, तिकडे स्वतः जोडायची आणि किनाऱ्यावर रस विकणाऱ्यांना हप्त्यांनी द्यायची असा त्यांचा धंदा. आम्ही उधारीवर माल पाठवत होतो आणि जुमा ठरल्या दिवशी पैसे पाठवत होते. फोनवर "पैसे पाठवले" हे सांगण्याआधी ते माझी, माझ्या बायकोची आणि पोकळ्यांच्या म्हशींची चौकशी करायचे. शेवटच्या खेपेचा माल बंदरावर उतरला आणि आठवड्याच्या आत जुमा हृदयविकाराने गेले. मशीनं त्यांच्या अंगणात पडून राहिली आणि पैसे आले नाहीत.

आता इथे सरकार येतं. परदेशी उधारीवर माल पाठवणाऱ्यांसाठी सरकारच्या मालकीची एक विमा कंपनी आहे. आपण हप्ता भरायचा. कुठल्या देशातल्या कुठल्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यायची, हे ती बघते. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर काही महिने वाट पाहायची, आणि मग बुडालेल्यातली बरीचशी रक्कम ती आपल्याला देते. त्यानंतर ते येणं मुख्यतः तिचं होतं. सरकार स्वतःहून कुणाची बुडालेली उधारी भरून देतं, हे मी ओळखीच्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. जुमांच्या आधी मलाही ते पूर्ण खरं वाटत नव्हतं.

कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात आमची फाईल वाघमारे मॅडमकडे होती. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणाऱ्या. पुण्यात ही शेवटची गोष्ट फार दुर्मीळ आहे. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, जुमांच्या पत्नी "देणार नाही" असं कधी म्हणाल्या आहेत का?

"नाही. फोनवर दर वेळी देते म्हणतात."

"मग बुडाले असं तुम्ही म्हणताय. त्या म्हणत नाहीत."

हे मला सुचलं नव्हतं. मॅडमनी समजावलं की ठरलेला काळ उलटून गेला की दावा होतोच, पण वसुलीचा प्रामाणिक प्रयत्न केला हे दाखवावं लागतं. त्यातून त्या बाईंनी "मी देऊ शकत नाही" असं लिहून दिलं तर काम सोपं. सक्ती नाही, पण असलं तर फाईल हलते. मी उठलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. तिकडे जाऊन भावनेच्या भरात काही सोडून देऊ नका. आम्हाला न विचारता एक रुपया माफ केलात तरी विमा संपला.

मी हसलो. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला ही सूचना करावी लागते, याचं मला हसू आलं.

घरी बायको म्हणाली, सिंहगड रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाकडे मागायला जायचं तर तुम्हाला ताप येतो आणि आता आफ्रिकेला निघालात. धायरीत पोकळ्यांनी मात्र पाठिंबा दिला. "जावा तुमी. पैसं बुडलं तर बुडलं, पन मानूस गेलंय. कोन तरी भेटाय जायाच पायजे का नको?" असं ते म्हणाले, आणि लगेच तिकिटाचा निम्मा खर्च कारखान्याच्या नावावर टाकायला विरोधही केला.

झांजिबारच्या दारात

विमानाचं काही सांगत नाही, विमान सगळीकडे सारखंच कंटाळवाणं असतं. दार-ए-सलामहून झांजिबारला बोटीने गेलो. बोट सुटायच्या आधी एक गणवेशातली मुलगी हसतमुखाने प्रत्येकाला काळी प्लास्टिकची पिशवी देऊन गेली. प्रसाद असेल, अशा विश्वासाने मी ती उघडून पाहिली. रिकामी होती. अर्ध्या तासाने तिचा उपयोग शेजारच्या जर्मन प्रवाशाने मला प्रात्यक्षिकासह दाखवला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात मीही काही मागे राहिलो नाही.

अशा अवस्थेत धक्क्यावर उतरलो, तर खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "बिमा?"

मला वाटलं, वाघमारे मॅडमनी माझ्या आधी इथे फोन केला. मग कळलं की झांजिबारमध्ये येणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी कंपनीचा प्रवास विमा घ्यावाच लागतो, आणि स्वाहिलीत विम्याला बिमाच म्हणतात. एवढंच नाही, सरकारला म्हणतात सेरिकाली, पैशाला पेसा, दुकानाला दुका आणि हुंडीला हुंडी. गुजराती आणि कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिले, त्यांच्याबरोबर हे शब्द उतरले आणि इथेच राहिले. "कृपया" किंवा "धन्यवाद" असलं काही त्यांच्या सामानात नव्हतं असं दिसतं. मी एका सरकारच्या विम्याचे पैसे मिळावेत म्हणून आलो होतो आणि पहिल्याच पावलाला दुसऱ्या सरकारच्या विम्याचे पैसे भरले. पावती जपून ठेवली. खर्च कारखान्याच्या नावावर टाकायचा होता.

जुन्या गावाचे बोळ पाहून मला कसबा पेठेत आल्यासारखं वाटलं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, स्कूटर आली तर दोघांनी. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, दारं अशी कोरलेली की घरात कोण राहतं याची उत्सुकता संपून दार कोणी केलं याची लागते. घराबाहेर भिंतीला लागून दगडी बैठका असतात, त्यांना बराझा म्हणतात. तो आपला ओटाच. त्यावर बसून म्हातारे चिमुकल्या कपातून कडू कॉफी पितात आणि सोबत कशाटा नावाची वडी खातात. ती चावल्यावर मी थबकलो. शेंगदाण्याची चिक्की, खोबरं घातलेली.

अर्थातच मी रस्ता चुकलो. एका खिळेमोळेवाल्याला पत्ता विचारला. आपल्याकडे अशा प्रश्नाला "पाटी वाचता येते ना?" इथपासून सुरुवात झाली असती. हा माणूस उठला, दुकान उघडं टाकून माझ्यासोबत चालू लागला आणि चार बोळ ओलांडून मला जुमांच्या दारात उभं केलं. वाटभर मी मनात त्याला किती द्यावे लागतील याचा अंदाज बांधत होतो. त्याने दार वाजवलं, छातीवर हात ठेवून निरोप घेतला आणि गेला. मी खिशातला हात तसाच बाहेर काढला.

अंगणात

जुमांच्या पत्नीचं नाव सलमा. तिकडे बाईंच्या नावाआधी आदराने "बी" लावतात, म्हणून बी सलमा. शाळेत शिक्षिका होत्या, इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलत होत्या. त्यांच्यासोबत जुमांचा धाकटा भाऊ हमद होता, तो टॅक्सी चालवतो. अंगणात आमच्या धायरीच्या लाकडी पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांवर आमचं नाव, पुणे असा शिक्का, आणि "वरची बाजू" असं मराठीत लिहिलेलं. सगळ्या पेट्या उलट्या ठेवल्या होत्या.

मी वाघमारे मॅडमच्या सूचना मनात घोळवत होतो, पण बी सलमांनी आधी जेवायला बसवलं. मी शाकाहारी आहे हे जुमांनी कधीतरी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. नारळाच्या दुधातला राजमा, नारळाच्या दुधातली पालेभाजी आणि चपाती. त्या चपातीला पदर असे सुटलेले की आपली घडीची पोळी तिच्यापुढे घाईत उरकलेली वाटेल. हे मी घरी बोललो नाही.

जेवण झाल्यावर मी दुःख व्यक्त केलं, जुमांची आठवण काढली आणि मग, घसा साफ करून, विषयाला आलो. आमच्या सरकारचा विमा आहे, तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्यायची की तुम्ही पैसे देऊ शकत नाही. मग तुम्हालाही तगादा नाही, मलाही पैसे मिळतील. मी हे मोठं औदार्य दाखवल्यासारखं सांगितलं.

बी सलमांनी शांतपणे विचारलं, "पण मी देणार आहे. मग खोटं कसं लिहू?"

मी म्हटलं, कधी देणार, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

"नाही. पण देऊ शकत नाही आणि अजून दिले नाहीत, या दोन गोष्टी आहेत. मी मुलांना हाच फरक शिकवला."

त्यांनी सांगितलं ते असं. नवरा गेल्यावर रिवाजाप्रमाणे चार महिने आणि दहा दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यामुळे पेट्या उघडायला कोणी नव्हतं, जोडायला तर नव्हतंच. पण जनाजा निघायच्या आधी हमदने सगळ्यांसमोर पुकारलं होतं, की जुमाकडून कुणाचं काही येणं असेल तर त्याने आमच्याकडे यावं, ते आता आमच्यावर आहे. माणूस देणं ठेवून गेला तर ते फिटेपर्यंत त्याचा जीव अडकून राहतो, अशी त्यांची श्रद्धा. आणि हे देणं सगळ्यांत मोठं होतं, समुद्रापलीकडचं होतं.

मी आयुष्यभर "आज नाही, उद्या देतो" म्हणणाऱ्यांच्या दारात उभा राहून चिडलो होतो. आता मी एका बाईंच्या दारात बसून, देऊ नका, नुसतं देता येत नाही म्हणा, अशी विनवणी करत होतो. आणि त्या ऐकत नव्हत्या.

पाना आणि घुंगरू

दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावं हे न सुचून मी पुन्हा तिथेच गेलो आणि पेट्या उघडायला लागलो. माझा हेतू फार उदात्त नव्हता. मशीनं विकली गेली तर येणं तेवढं कमी होईल आणि वसुलीचा प्रयत्न केला हे मॅडमना दाखवता येईल. हमदने पाना आणला, मी बाह्या सरसावल्या. धायरीत गेली कित्येक वर्षं मी मशीन जोडणाऱ्यांच्या मागे उभा राहून सूचना देतो. स्वतः जोडायला बसल्यावर त्या सूचना किती कुचकामी होत्या ते कळलं. एक रोलर उलटा बसवला, बोट चेंगरून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत माझा पांढरा शर्ट ग्रीसने असा झाला की बी सलमांनी मला जुमांचा एक सदरा आणून दिला. तो मला ढगळ होता. त्यांनीच बाहीची घडी घालून दिली.

तयार मशीनं आम्ही हमदच्या ओळखीच्या गाडीतून किनाऱ्यावरच्या बागेत नेली. संध्याकाळी तिथे खाण्याचा बाजार भरतो. समुद्रात शिडाची होडकी, मागे सुलतानांच्या काळातल्या इमारती, आणि मधे धूर, मसाले, माणसं. रसवाले ऊस पिळताना त्यात आलं आणि लिंबू घालतात, अगदी आपल्यासारखं. त्या बाबतीत मी त्यांना काही शिकवू शकलो नाही. उरोजो नावाचं एक पिवळं आंबट पातळ कालवण मिळतं, त्यात भजी, बटाटा, चटणी आणि वरून चिवड्यासारखं काहीतरी. मी पहिल्या घासालाच त्याला मिसळीचा चुलतभाऊ ठरवलं आणि सवयीने आणखी रस्सा मागितला. विक्रेत्याने तो फुकट घातला. पुण्यातल्या माणसाला परदेशात गहिवरून येण्याचे प्रसंग फार थोडे असतात, त्यातला हा एक.

मशीन दाखवायला मीच चाक फिरवलं. आमच्या प्रत्येक मशीनला घुंगरू असतात, चाकाबरोबर वाजणारे. एका रसवाल्याने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, रसवंतीला घुंगरू असतातच. त्याने पुन्हा विचारलं, पण कशासाठी? जन्मभर घुंगरू लावले आणि कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तो म्हणाला, मशीन चांगलं आहे, घुंगरू काढून किती कमी कराल? मी पुण्याच्या पद्धतीने सांगितलं की घुंगरू काढायची मजुरी वेगळी पडेल. बी सलमा पहिल्यांदा हसल्या.

तीन दिवसांत काही मशीनं गेली. जुमांची जुनी गिऱ्हाइकंही त्यांच्या जुन्या हप्त्यांतले थोडे थोडे देऊन गेली. सगळे पैसे बी सलमांनी मोजून तिथल्या तिथे माझ्या हातात ठेवले. स्वतःसाठी काही ठेवा, असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर वर्गात बोलणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेली असावी. तरीही मोठा भाग बाकीच होता.

शेवटच्या संध्याकाळी हमद मला बाजूला समुद्राच्या कठड्याकडे घेऊन गेला. बराच वेळ तो होड्यांबद्दल बोलला. मग म्हणाला, वहिनी हे तुम्हाला कधी सांगणार नाहीत, पण ज्याचं येणं आहे त्याने मनापासून माफ केलं तरी माणूस सुटतो. पैसेच द्यावे लागतात असं नाही.

"तुम्ही दोन शब्द बोललात तर आजच सुटेल. मी मागत नाही. माहीत असावं म्हणून सांगितलं."

मला धायरीतला पगाराचा दिवस आठवला. बँकेचं कर्ज आठवलं. पोकळ्यांचा निम्मा हिस्सा आठवला, जो माफ करण्याचा मला अधिकारच नव्हता. आणि वाघमारे मॅडम तर कठड्यावर येऊन बसल्याच होत्या. माफ केलं की विमा संपला, विमा संपला की कारखाना. मी हमदला विम्याची अट समजावून सांगायला लागलो, आणि आपल्याच कानांना ते कसं लागतंय हे ऐकून मध्येच थांबलो. तो म्हणाला, "पोले." स्वाहिलीत याचा अर्थ, तुमचं वाईट वाटतं. माझं वाईट वाटायला तिथे तोच एक उरला होता.

निघताना बी सलमांनी एक कागद दिला. शिक्षिकेचं गोल अक्षर. मी जुमाचं देणं मान्य करते. आजपर्यंत दिलं नाही. देईन. कधी ते अल्लाला ठाऊक. सोबत लवंगांची पुडी. मॅडमना हवं होतं त्याच्या बरोबर उलट लिहून घेऊन मी बोटीत बसलो. काळी पिशवी यावेळी मागून घेतली.

पुन्हा पुण्यात

वाघमारे मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मी आधीच माफी मागायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, उत्तम आहे.

मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांनी सांगितलं की देणं मान्य आहे, वाद नाही, मुदत उलटली आहे आणि पैसे आलेले नाहीत, एवढंच दाव्याला लागतं. ते सगळं या चार ओळींत आलंय. इतकं स्वच्छ पत्र मी नोकरीत पाहिलेलं नाही, असंही म्हणाल्या. म्हणजे मी पोवळ्याच्या घरात बसून ज्या एका खोट्या वाक्यासाठी गयावया केली, त्याची गरजच नव्हती. मी तसं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, सक्ती नाही असं मी सांगितलं होतं, तुम्ही दुसरा अर्धा भाग ऐकलात.

रीतसर प्रश्न आले, उत्तरं गेली, आणि खरोखरच एक दिवस सरकारचे पैसे आमच्या खात्यात जमा झाले. पोकळे मोबाईलवरचा संदेश पुन्हा पुन्हा बघत होते. "सरकार देतंय म्हंजी नक्की काय तरी घोळ हाय," असं त्यांनी शेवटी मत दिलं.

मी आनंदाने बी सलमांना फोन केला. विमा मिळाला, आता काळजी करू नका. मग त्यांनी विचारलं, आता हे येणं कुणाचं? मी सांगितलं, थोडं आमचं, बाकी सगळं सरकारचं.

"म्हणजे सेरिकालीचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माणूस होता. माणूस कधी तरी म्हणतो, जाऊ दे. सेरिकाली कुणाला जाऊ दे म्हणते?"

फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावून खिडकीशी बसलो. समोरच्या इमारतीतल्या जोशांना वाटलं, पैसे बुडाले. त्यांनी सहानुभूती दाखवली. मिळाले असं सांगितल्यावर ती त्यांनी परत घेतली.

हा प्रश्न मी मॅडमकडे नेला. सरकार माफ करतं का? त्या म्हणाल्या, माफ नाही, निर्लेखन होतं. म्हणजे वसूल होणार नाही अशी खात्री झाली की समिती ती रक्कम हिशेबातून काढून टाकते. मी ते बी सलमांना जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे ते बघायचं बंद करतात. त्याने काय होणार? बघणारा दुसराच आहे.

आणि त्या पैसे पाठवू लागल्या. राहिलेली मशीनं त्यांनी हमदकडून जोडून घेतली, विकली नाहीत, रसवाल्यांना भाड्याने दिली. त्यातून सुटतील तसे यायचे. कधी बरे, कधी इतके थोडे की बँकेचं कमिशन त्याहून जास्त वाटावं. नियमाप्रमाणे त्यातला सरकारचा हिस्सा मी कार्यालयात भरायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांना वाटलं मी पैसे मागायला आलोय आणि त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. पैसे द्यायला आलोय म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. दावा मिळाल्यावर कुणी परत येत नाही, त्यामुळे कुठे जायचं हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. पुढे पुढे मला बघून ते नुसतं "झांजिबार" म्हणायचे आणि वर बोट दाखवायचे.

असं करत परवा शेवटची रक्कम आली. ती भरली, मॅडमनी आकडे ताडून पाहिले आणि बाकी शून्य असल्याचं सांगितलं. मी तिथूनच बी सलमांना फोन लावला. त्यांनी आधी मला विचारलं, तुमचं मिळालं? मी म्हटलं, सगळं मिळालं, आमचं काही राहिलं नाही. धायरीतल्या भागीदाराचंही नाही.

मग त्यांनी विचारलं, तिथे सेरिकालीचं कोणी आहे का?

मी मॅडमकडे पाहिलं आणि बी सलमांना काय हवंय ते सांगितलं. कुणीतरी सरकारच्या वतीने तोंडाने म्हणावं, की आता काही येणं नाही. मॅडम म्हणाल्या, तोंडी सांगायची पद्धत नाही, पत्र जाईल. मी ते पलीकडे कळवलं. बी सलमा म्हणाल्या, पत्र माझ्यासाठी ठीक आहे. हे मला जुमासाठी ऐकायचंय.

तेही मी मॅडमना सांगितलं. त्यांनी समोरची फाईल बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे एकदा पाहिलं. मग हात पुढे करून फोन घेतला आणि शुद्ध, सावकाश मराठीत, पत्र वाचून दाखवावं तशा म्हणाल्या, "जुमा यांच्याकडे आता सरकारचं काहीही येणं नाही. सगळं मिळालं आहे. ते मोकळे आहेत."

बी सलमांना त्यातले जुमा आणि सरकार हे दोनच शब्द कळले असणार. पलीकडून हलक्या आवाजात काहीतरी म्हटल्याचं ऐकू येत राहिलं. प्रार्थना असावी. मॅडमना ती कळत नव्हती, पण संपेपर्यंत त्यांनी फोन कानाला धरून ठेवला. काउंटरवर कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी हाताने थांबायची खूण केली.

फोन माझ्याकडे देताना त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "संगणकात जुमा यांचं नाव अजून थकबाकीदारांच्या यादीत आहे. ते काढायला वरून मंजुरी यावी लागते. वेळ लागेल."

पलीकडून बी सलमांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं, की पुढची मंजुरी वरून येते, आणि तिला वेळ लागतो.

"ते तर आहेच," बी सलमा समाधानाने म्हणाल्या, आणि पोकळ्यांच्या म्हशी कशा आहेत, असं विचारलं.